मात्रा कुठे कापायची?

१९६९ साली अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या 'द विन्स्टन्स' या बँडची एक छोटी तबकडी निघाली. वरच्या बाजूचं 'कलर हिम फादर' गाजलं, ग्रॅमीपर्यंत पोचलं. उलट्या बाजूला काहीतरी हवं म्हणून 'आमेन, ब्रदर' ही वाद्यांची रचना घातली होती. ती सुरू होऊन दीडेक मिनिट होतं, एवढ्यात बाकीचे वादक हात आखडतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा ड्रम वाजवतो. चार-चार मात्रांची चार आवर्तनं, म्हणजे सोळा मात्रा. सात सेकंदांत खेळ आटोपतो आणि बँड परत येतो.

पुढे हे सात सेकंद हजारो गाण्यांत शिरले. १९८६ साली डीजे लोकांसाठी काढलेल्या एका संग्रहात ही रचना आली. मग रॅपवाल्यांनी ते सात सेकंद उचलले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये 'जंगल' नावाचं आख्खं संगीत त्यांच्यावर उभं राहिलं. कोलमनला यातला एक छदामही मिळाला नाही. २००६ साली तो वारला तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. हा सगळा इतिहास चटका लावणारा आहे, पण मला आज त्यातल्या एका कारागिरीबद्दल बोलायचं आहे. कोलमन मिनिटाला सुमारे १३७ मात्रांच्या लयीत वाजवत होता आणि जंगलवाल्यांना १६५च्या आसपासची लय हवी होती. मग त्यांनी केलं काय?

पहिला उपाय कुणालाही सुचेल असा आहे: तबकडी जोरात फिरवायची. पण आवाज जोरात फिरवला की लयीबरोबर सूरही चढतो. १३७वरून १६५वर जायचं तर सूर तीन पट्ट्या वर जातो. जिथे सा होता तिथे कोमल गंधार येतो. ढोलकीचा डग्गा दिमडी होऊन बसतो. जंगलवाल्यांना तो किरटा आवाज आवडलाही, तो त्या संगीताची ओळख बनला. पण प्रत्येकाला तो चालणारा नव्हता.

दुसरा उपाय म्हणजे सुरी. सात सेकंदांचा सलग आवाज प्रत्येक आघातापाशी कापायचा. बास ड्रमचा ठोका एका तुकड्यात, स्नेअरचा दुसऱ्यात, झांजेचा तिसऱ्यात. मग हे तुकडे थोडे लवकर लवकर वाजवायचे. तुकडा आतून जसाच्या तसा राहतो, म्हणून सूर बदलत नाही. दोन तुकड्यांतलं अंतर तेवढं कमी होतं, म्हणून लय वाढते. १९९४ साली स्वीडनच्या प्रोपेलरहेड कंपनीनं 'रीसायकल' नावाचं सॉफ्टवेअर काढलं, ते एवढंच काम करायचं. आवाज आत घाला, ते आघात शोधून उभ्या रेघा मारील, तुकडे पाडील आणि कोणता तुकडा मुळात कधी वाजला होता याची नोंद वेगळी काढून देईल. वाजवलेलं आणि वाजवण्याची वेळ या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या झाल्या. तबल्याचे बोल वहीत लिहायचे आणि लय बैठकीत ठरवायची, हे आपल्याकडे नवं नाही. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र हे तोवर कुणाला सहज जमत नव्हतं.

आता प्रश्न असा, की यंत्राला आघात कळतो कसा?

संगणकाला ठेका माहीत नसतो. त्याच्यापुढे फक्त आकड्यांची रांग असते. सीडीच्या दर्जाचा आवाज असेल तर सेकंदाला ४४,१०० आकडे. कोलमनच्या लयीत एका मात्रेला त्यातले सुमारे १९,३१४ येतात. यंत्र ही रांग छोट्या छोट्या खिडक्यांतून पाहतं. हजारेक आकड्यांची एक खिडकी म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद. प्रत्येक खिडकीत जोर किती आहे ते मोजायचं आणि जिथे तो एकदम वाढला तिथे आघात झाला असं मानायचं. एकट्या ड्रमसाठी एवढं बऱ्यापैकी पुरतं.

पण सारंगी घ्या, बासरी घ्या, गाणारा गळा घ्या. स्वर हळूच उगवतो, जोराचा आलेख चढतो की नाही हेही कळत नाही. किंवा तंबोऱ्याच्या गुंजारवात कुणी अलगद तबल्याच्या चाटेवर बोट ठेवलं, तर एकूण जोरात काही फरकच पडत नाही. म्हणून खिडकीतला आवाज वेगवेगळ्या कंपनसंख्यांमध्ये फोडतात, पेटीच्या पट्ट्या एकेक करून तपासाव्यात तसा. आधीच्या खिडकीपेक्षा या खिडकीत कुठली पट्टी वाढली? वाढ झालेल्यांची बेरीज घ्यायची आणि घट सोडून द्यायची, कारण आवाज विरतो तेव्हा घट होते आणि विरणं म्हणजे आघात नव्हे. या बेरजेचा आलेख काढला की त्यावर डोंगरांची रांग दिसते. उंच शिखरं म्हणजे आघात. किती उंचीचं शिखर मोजायचं ही मर्यादाही सरकती ठेवावी लागते, नाहीतर जोरकस भागात सगळंच आघात ठरतं आणि नाजूक भागात काहीच नाही.

आणि मग कापायचं. इथे नवशिके हटकून फसतात. शिखर हा आघाताचा सर्वांत मोठा क्षण असतो, त्याची सुरुवात नसते. सुरुवात त्याआधी काही मिलिसेकंद झालेली असते, आणि कातडीवर बोट आदळल्याची जी खरखरीत चाहूल असते ती सगळी त्या काही मिलिसेकंदांतच असते. शिखरावर कापलं की 'धा'मधला 'ध' जातो आणि नुसता 'आ' उरतो. म्हणून शिखर सापडल्यावर मागे मागे येत उताराचा पायथा गाठायचा, आणि तिथेही आलेख शून्याची रेघ ओलांडतो नेमकी ती जागा पकडायची. नाहीतर प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी 'टिक्' ऐकू येतं. ड्रमच्या संचाला सात-आठ माइक लावलेले असतील तर सगळे ट्रॅक एकाच जागी कापावे लागतात. स्नेअरचा आवाज तिच्या जवळच्या माइकला आधी पोचतो आणि डोक्यावरच्या माइकला नंतर; त्यांचं एकमेकांशी असलेलं अंतर बिघडलं की भरदार स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखी वाजते.

तुकडे जवळ आणले तर एकाची शेपूट दुसऱ्याखाली दबते, ते खपून जातं. लय कमी करून ते लांब नेले तर मात्र मध्ये भोकं पडतात. झांज घुमता घुमता गच्च बंद. मग शेपटीचा थोडा भाग पुन्हा पुन्हा जोडून ती लांबवायची. हे तुकडे न पाडता आख्खा आवाजच ताणायची युक्तीही जुनी आहे. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी १९६६ साली तिचा पाया घातला. गाणाऱ्या गळ्यासाठी ती उत्तम. पण ठोक्यावर चालवली की ठोका ओल्या कागदावर पडलेल्या शाईसारखा पसरतो. आजची सॉफ्टवेअरं दोन्ही वापरतात: आघात जपून ठेवायचा आणि त्यामागची घुमक तेवढी ताणायची.

इथवर गोष्ट आघातांची झाली. लय अजून सापडलेलीच नाही.

आघात आणि मात्रा एक नव्हेत. एका मात्रेत चार आघात असतील, तर दुसरीत एकही नसेल. टाळी आणि खाली शिकलेल्याला हे समजावून सांगायला नको. ज्या मात्रेला आपण हात हवेत फिरवतो ती मात्रा इतरांइतकीच खरी असते. कोलमनच्या त्या सात सेकंदांतली सगळ्यात सुंदर जागा हीच आहे. तिसऱ्या आवर्तनात तो स्नेअरचा एक ठोका ठरल्या जागेवरून अर्धी मात्रा पुढे ढकलतो, आणि चौथ्यात तर पहिली मात्रा चक्क रिकामी सोडतो. समेवर काहीच नाही! ऐकणारा दचकतो, कारण त्याच्या डोक्यात ती सम वाजलेली असते. आघात शोधणारं यंत्र तिथे रेघ मारत नाही, कारण त्याच्या मते तिथे काही घडलेलंच नसतं.

म्हणजे आघातांच्या रांगेवरून न वाजलेल्या मात्राही ओळखाव्या लागतात. त्याची पहिली पायरी कालावधी शोधणं. मघाचा डोंगरांचा आलेख ट्रेसिंग पेपरवर उतरवून मूळ आलेखावर ठेवा आणि हळूहळू उजवीकडे सरकवा. सुरुवातीला शिखरं दऱ्यांवर येतात. सरकवता सरकवता एक जागा अशी येते की पुन्हा शिखरावर शिखर बसतं. तेवढं सरकणं म्हणजे एक मात्रा. पण कदाचित दोन मात्रा! कारण दुप्पट सरकवलं तरी शिखरं जुळतातच, आणि मध्ये बारीक ठोके असतील तर निम्म्यावरही जुळतात. लय ७० की १४०, हा घोळ या विद्येत पहिल्या दिवसापासून आहे. ठाय आणि दुगुन यांतला फरक आपल्याला ठेका ऐकून कळतो. यंत्राला नुसत्या आलेखावरून कळत नाही.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॅनियल एलिस यांनी २००७ साली मांडलेली पद्धत मला तिच्या साधेपणामुळे आवडते. ती दोनच अपेक्षा ठेवते: मात्रा शक्यतो आघातावर पडावी, आणि आधीच्या मात्रेपासूनचं अंतर शक्यतो ठरलेल्या कालावधीइतकं असावं. दोहोंची ओढाताण झाली की तडजोड करायची. एखादी मात्रा रिकामी असली तरी अंतराचा नियम ती जागा राखून ठेवतो. आख्ख्या गाण्याच्या सगळ्या संभाव्य मात्रा-रांगांतून या दोन अपेक्षांना सर्वांत जास्त उतरणारी रांग संगणक हिशेबानं निवडतो. दुप्पट-निमपटचा घोळ सोडवायला त्यात एक कलही ठेवलेला आहे: माणसाला सहज टाळी धरता येते अशी, मिनिटाला १२०च्या आसपासची लय पसंत करावी. जपानमध्ये मासाताका गोतो यांनी तर त्याआधीच, नव्वदच्या दशकात, गाणं चालू असतानाच मात्रा पकडणारी यंत्रणा उभी केली होती. २०११च्या सुमारास न्यूरल नेटवर्क आली आणि अचूकपणा बराच वाढला. पण त्यांनाही शिकवावं लागतं ते माणसांनी टाळ्या देऊन खुणा केलेल्या ध्वनिमुद्रणांवरच. मात्रा कुठे आहे याला माणसाच्या टाळीपलीकडे दुसरा पुरावा नाही.

आता ग्रिड. पडद्यावर सारख्या अंतराच्या उभ्या रेघा आखलेल्या असतात. तुकडे उचलून जवळच्या रेघेला चिकटवायचे, याला स्टुडिओत क्वांटाइझ म्हणतात. १९८० साली रॉजर लिन यांनी बनवलेल्या एलएम-वन या ड्रमयंत्रात ही सोय होती. वाजवणाऱ्याचं बोट मागेपुढे पडलं तरी यंत्र ठोका जागेवर नेऊन ठेवायचं. लिन यांना लगेच कळलं की अशानं सगळं लष्करी कवायतीसारखं वाजतं. म्हणून त्यांनी झोल द्यायची सोय केली: जोडीतला दुसरा बारीक ठोका नेमक्या मध्यावर न ठेवता थोडा उशिरा ठेवायचा. पन्नास टक्के म्हणजे सरळ. सहासष्टच्या आसपास नेलं तर जोडीची वाटणी दोनास एक अशी होते, दादऱ्यासारखी. गंमत या दोहोंच्या अधेमधे आहे, छप्पन, अठ्ठावन्न अशा कुठल्याच अपूर्णांकात न बसणाऱ्या जागी. १९८८ साली लिन यांनी आकाई कंपनीसाठी केलेल्या एमपीसी-सिक्स्टीमधला हा झोल आजही सॉफ्टवेअरं नकलून देतात. त्याच घराण्याच्या एमपीसी-थ्री थाउजंडवर डेट्रॉइटच्या जे डिला या हिप-हॉप निर्मात्यानं ठोके मुद्दाम रेघेपासून हलवले, किंचित ओढून, किंचित घाईनं. त्याचं यंत्र आज वॉशिंग्टनच्या एका संग्रहालयात मांडलेलं आहे.

म्हणून तुकडे पाडण्याचा मला वाटणारा खरा उपयोग उलटा आहे. तुकडे रेघेला चिकटवण्याआधी थांबायचं आणि पाहायचं, कोण रेघेच्या किती आधी पडलाय, कोण किती नंतर. हा वादकाच्या हाताचा नकाशा आहे. तो वेगळा काढून दुसऱ्या कशाला लावताही येतो. पण बहुतेक वेळा घाई असते, बटण समोर असतं, आणि नकाशा पुसला जातो.

मीही पुसला होता. एका लघुपटासाठी दिंडीत ध्वनिमुद्रण केलं होतं. पखवाज, वीणा, चाळीसेक टाळकरी. मागाहून त्याखाली सिंथेसायझरचा एक थर द्यायचा होता, म्हणून मी भजन ग्रिडवर बसवायला घेतलं. सॉफ्टवेअरनं टाळांवर इतक्या रेघा मारल्या की पडदा काळा झाला. आधी वाटलं, संवेदनशीलता जास्त झाली असेल. ती कमी केली, तर पखवाजाच्या थापाही गेल्या. मग ध्यानात आलं, की चूक यंत्राची नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दिंडीतल्या पुढच्या रांगेपासून पंधरा मीटर मागे असलेल्या टाळकऱ्याला पुढचा टाळ ४४ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि तो ऐकून त्यानं दिलेला ठोका माझ्या माइकपाशी यायला पुन्हा तेवढाच वेळ. म्हणजे तिथे 'एक ठोका' नावाची गोष्टच नव्हती, ठोक्यांचा एक झुबका होता. माइक पाच पावलं मागे असता तर मात्रा वेगळ्या जागी पडली असती. मी अडाण्यासारखा एकेका झुबक्यातलं पहिलं शिखर धरलं, कापलं, चिकटवलं. ऐकलं तर चाळीस माणसांचा एकच टाळ झाला होता, आणि तोही लोखंडी.

आपल्या संगीतानं या यंत्रांना घाम फोडला आहे तो आणखी एका कारणानं. विलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदांची होऊ शकते, बारा मात्रांचं आवर्तन मिनिटभर चालतं. १२०कडे कल असलेल्या यंत्राला ती मात्रा दिसतच नाही. त्याला 'तिरकिट'चे चार ठोके दिसतात आणि तेच ते मात्रा समजून मोजतं. यात यंत्राला हसण्यासारखं काही नाही. दोन ठोक्यांत दोन सेकंदांहून जास्त अंतर पडलं की माणसालाही नुसत्या अंदाजानं लय धरवत नाही, आपणही 'तिरकिट'वर बोटं मोजतच समेपर्यंत पोचतो. फरक एवढाच, की आपल्याला ठेका पाठ असतो. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात झाव्हिएर सेरा यांच्या नेतृत्वाखाली २०११मध्ये सुरू झालेल्या 'कॉम्पम्युझिक' प्रकल्पानं हेच ओळखलं. नुसती मात्रा शोधू नका, तालाचा आकृतिबंध आधी सांगा आणि आपण आवर्तनात कुठे आहोत ते यंत्राला शोधू द्या. त्यात भारतीय मंडळींनी हिंदुस्थानी आणि कर्नाटक तालांवर बरंच काम केलं.

तीनतालाचा आपला नेहमीचा ठेका घेतला तर यातली एक मौज दिसते. खाली नवव्या मात्रेला, पण डग्ग्याची घुमक थांबते ती दहाव्यापासून, 'तिं तिं ता ता'मध्ये, आणि चौदाव्याच्या 'धिं'ला ती परत येते. एकूण जोर मोजणाऱ्याला यातलं फारसं कळत नाही. पण फक्त खालच्या पट्ट्यांकडे पाहिलं तर आलेखात दर आवर्तनाला एक स्वच्छ खळगा पडलेला दिसतो. तो खळगा कुठे आहे हे कळलं की सम कुठे ते मोजून काढता येतं. वाजलेल्या ठोक्यांइतकीच मदत इथे न वाजलेल्या डग्ग्याची होते.

त्या दिंडीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. तुकडे पाडलेली फाइल मी टाकून दिली आणि उलटं काम केलं. भजन जसंच्या तसं ठेवलं, हेडफोन लावून प्रत्येक मात्रेला स्पेसबारवर बोट आपटत गेलो, झुबक्याच्या पोटात जिथे माझी टाळी पडेल तिथे. मग त्या खुणांवरून ग्रिडच्या रेघा वाकवल्या. सिंथेसायझर भजनामागून चालायला लागला. सॉफ्टवेअर लयीचा आलेखही काढून दाखवतं: सुरुवातीला मिनिटाला ८०च्या खाली, मग चढत चढत १३०च्या वर. मध्ये एका ठिकाणी रेघ अचानक खाली येते, चारेक मात्रा रेंगाळते आणि पुन्हा चढते. आधी वाटलं माझंच बोट चुकलं. मूळ चित्रफीत लावून पाहिली. त्या जागी रस्त्याला चढ होता.